संगणकाच्या नादी लागलेली मुले : ब्रिटन, १९८० ते १९८६



आजच्या विषयाचे नाव फलकावर लागले तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "इतिहासाच्या व्याख्यानात हे मुलांच्या खेळाचे काय काढलेत?" त्यांच्या नातवाचे डोके दिवसभर पडद्यात असते. त्या पडद्याविषयी त्यांच्या मनात जो राग साठला आहे, त्यातला थोडा वाटा त्या दिवशी माझ्याही पदरात पडला. मी त्यांना एवढेच म्हणालो की, लढायांचा आणि तहांचा जसा इतिहास असतो तसा मुलांच्या नादांचाही असतो. एखाद्या देशातील मुले एकाएकी एका यंत्राच्या नादी लागली आणि त्या नादातून पुढे जगाचे उद्योगधंदे बदलले, तर त्या नादाची नोंद इतिहासाने घ्यावयास नको काय? तसा एक काळ ब्रिटनमध्ये होऊन गेला. १९८० पासून १९८६ पर्यंत, म्हणजे जेमतेम सहा वर्षांचा. पण त्या सहा वर्षांत जे घडले ते समजून घेतल्यावाचून माझ्या स्नेह्यांच्या रागाचाही नीट विचार करता येणार नाही, असे मला वाटते.

प्रथम त्या देशाची त्या वेळची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. १९७८ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर 'हॉरायझन' या मालिकेत 'नाऊ द चिप्स आर डाऊन' नावाचा एक कार्यक्रम झाला. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर गणकयंत्राचा मेंदू बसवता येऊ लागला आहे. आता कारखान्यातील कामगारांनी आणि कचेरीतील कारकुनांनी करावयाचे काय, असा त्याचा सूर होता. वाफेच्या यंत्राचे माहेरघर असलेल्या देशाला आपण आता मागे पडणार ही धास्ती वाटू लागली. धास्ती निराधार नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये तेथील बेकारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला. लिव्हरपूलसारखे एके काळी जगाचा माल उतरवून घेणारे बंदर ओस पडत चालले होते, आणि १९८१ च्या जुलैत त्याच शहराच्या टॉक्स्टेथ भागात दंगली पेटल्या होत्या. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण सुबत्तेच्या कुशीत लाडावलेल्या मुलांची ही कहाणी आहे असा समज होण्याचा संभव आहे, आणि तो खरा नाही. सुखवस्तू घरांतली मुले तीत आहेतच. पण ज्यांच्या गावातील गिरण्या आणि गोद्या बंद पडत होत्या अशीही पुष्कळ आहेत.

अशा वेळी केंब्रिजचे क्लाइव्ह सिंक्लेअर रंगमंचावर आले. हे गृहस्थ मोठे विलक्षण. विद्यापीठाची पायरी न चढलेले, टपालाने रेडिओचे सुटे भाग विकून धंद्यात उतरलेले, आणि कोणतीही वस्तू पाहिली की "ही निम्म्या किमतीत कशी होईल?" हाच प्रश्न मनात येणारे. १९८० च्या आरंभी त्यांनी 'झेडएक्स ८०' नावाचा संगणक विकावयास काढला. सुटे भाग घेऊन स्वतः डाग देऊन जोडला तर ७९ पौंड ९५ पेन्स, जोडलेला घेतला तर ९९ पौंड ९५ पेन्स. शंभर पौंडांच्या आत संगणक, ही त्या वेळी नवलाचीच गोष्ट होती. पुढच्याच वर्षी आलेला 'झेडएक्स ८१' तर सुटा ४९ पौंड ९५ पेन्सला मिळू लागला आणि कागद-पेन्सिली विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथच्या दुकानांत जाऊन बसला. संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत पांढऱ्या डगलेवाल्यांनी सांभाळावयाचे दैवत, ही कल्पना तेथे संपली. ज्या दुकानात वह्या मिळतात त्याच दुकानात संगणक मिळतो, एवढे मुलांना कळले, आणि ते पुरेसे होते.

पण श्रोतेहो, ते यंत्र काय होते ते ऐका. त्याला स्वतःचा पडदा नाही; घरातील टीव्हीला जोडावयाचे. कळा नाहीत, पातळ पापुद्र्यावर छापलेली अक्षरे बोटाने दाबावयाची. स्मृती एक किलोबाइट, म्हणजे साधारण एक हजार अक्षरे मावतील एवढी. 'झेडएक्स ८०' मध्ये तर हिशेब करणे आणि पडद्यावर चित्र ठेवणे ही दोन कामे त्याच्या मेंदूला एका वेळी जमत नसत, त्यामुळे कळ दाबली की पडदा लुकलुके. जास्त स्मृती हवी असल्यास 'झेडएक्स ८१' च्या पाठीला १६ किलोबाइटची एक डबी लावता येई. ती डबी जरा हलली की यंत्र जागच्या जागी गतप्राण होई आणि दोन तासांचे टंकन क्षणात नाहीसे होई. मुले ती डबी चिकणमातीसारख्या पदार्थाने चिकटवून ठेवीत. कोणाही शहाण्या माणसाने असल्या यंत्राला हात लावला नसता. सुदैवाने बारा-तेरा वर्षांची मुले त्या अर्थाने शहाणी नसतात.

आणि त्या एक किलोबाइटमध्ये काय बसवले गेले? डेव्हिड हॉर्न या लेखकाने 'झेडएक्स ८१' वर बुद्धिबळ बसवले. सगळा प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, ६७२ बाइटची. आज देवनागरीचे एक अक्षर साठवावयास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या छापील व्याख्यानाच्या तीन-चार ओळींएवढ्या जागेत समोरचा डाव पाहून खेळी करणारा खेळगडी मावला. त्याला किल्लेकोट करता येत नसे, प्याद्याचा वजीरही होत नसे. परंतु तो खेळत असे. दारिद्र्य माणसाला हिकमती बनवते असे म्हणून मी दारिद्र्याची तरफदारी करणार नाही. पण येथे जागेची चणचण हीच शाळा झाली होती, हे नाकारता येत नाही. प्रत्येक बाइट कोठे खर्च होतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला यंत्राच्या पोटात काय चालते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

२३ एप्रिल १९८२ रोजी सिंक्लेअर यांचा 'स्पेक्ट्रम' बाहेर पडला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. त्याच्या कळा रबरी होत्या आणि एकेका कळीवर पाच-पाच, सहा-सहा कामे सोपवलेली. आज्ञेच्या जागी 'पी' दाबले की 'प्रिंट' हा अख्खा शब्दच उमटे. रंग होते, पण तेही काटकसरीचे : आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद अशा चौकोनात दोनच रंग. त्यामुळे लाल राक्षस हिरव्या झाडाजवळून गेला की झाड लाल होई किंवा राक्षस हिरवा. प्रोग्रॅम ध्वनिफितीवर असे. साध्या कॅसेट रेकॉर्डरवरून तो यंत्रात भरावयास चार-पाच मिनिटे लागत, तेवढा वेळ पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे पळत आणि कानठळ्या बसवणारी एक किंकाळी चाले. शेवटच्या क्षणी फीत चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या पिढीतील आज साठीकडे झुकलेल्या माणसांना तो आवाज ऐकवला तर त्यांचे डोळे पाणावतात.

या यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तकाला मी या इतिहासात यंत्राइतकेच मानाचे स्थान देईन. स्पेक्ट्रमचे पुस्तक स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिले. यंत्राच्या आतील मूळ आज्ञावली रचण्यातही त्यांचा मोठा हात होता. ज्याने यंत्राला बोलावयास शिकवले त्यानेच मुलांशी बोलावयाचे, असा हा योग. आजच्या यंत्राबरोबर येणारे चोपडे 'हे उघडू नका, ते ओले करू नका' एवढेच सांगते. त्या पुस्तकात पहिल्या प्रकरणी कळा कशा दाबाव्यात हे होते आणि शेवटाकडे यंत्राच्या स्मृतीत कोणत्या क्रमांकाच्या घरात काय राहते ते. मधला रस्ता मुलाने आपल्या पायांनी चालावयाचा.

आता दुसरी धारा. बीबीसीने जनतेला संगणकसाक्षर करण्याचे व्रत घेतले होते, आणि दूरचित्रवाणीवरील पाठांबरोबर स्वतःच्या नावाचा एक संगणक असावा अशी त्यांची कल्पना होती. केंब्रिजमधील 'एकॉर्न' ही लहानशी कंपनी त्या कंत्राटासाठी धडपडत होती. तिचे एक संस्थापक हर्मन हाउझर यांनी केलेली युक्ती प्रसिद्ध आहे. बीबीसीचे लोक शुक्रवारी पाहावयास येणार आणि यंत्र तर कागदावरही पुरते नाही. हाउझर यांनी स्टीव्ह फर्बर यांना सांगितले की, आठवड्यात हे होईल असे सोफी विल्सन म्हणतात. आणि सोफी विल्सन यांना सांगितले की, होईल असे फर्बर म्हणतात. दोघांनीही मग माघार घेतली नाही. शुक्रवारी सकाळी यंत्र चालू झाले. १९८१ च्या डिसेंबरात ते 'बीबीसी मायक्रो' या नावाने विक्रीस आले आणि १९८२ च्या जानेवारीत 'द कॉम्प्युटर प्रोग्रॅम' ही मालिका सुरू झाली. १२ हजार यंत्रे खपतील असा बीबीसीचा अंदाज होता. खपली ती दहा लाखांच्या वर. सरकारने शाळांना यंत्र घ्यावयास निम्मी किंमत देऊ केली. प्रथम माध्यमिक शाळांना, नंतर प्राथमिक शाळांना.

एकॉर्नचे दुसरे संस्थापक ख्रिस करी हे पूर्वी सिंक्लेअर यांच्याकडेच कामाला होते. बीबीसीचे कंत्राट गुरूला न मिळता शिष्याला मिळाले, याचे शल्य सिंक्लेअर यांच्या मनात होते. १९८४ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या 'बॅरन ऑफ बीफ' या मद्यगृहात हे दोघे एका जाहिरातीवरून परस्परांच्या अंगावर गेले. पन्नाशीकडे झुकलेल्या, वर्षापूर्वीच 'सर' झालेल्या गृहस्थाने सार्वजनिक ठिकाणी हातघाईवर यावे, हे इतिहासाच्या दृष्टीने किरकोळ असले तरी मला सांगावयाचा मोह आवरत नाही.

या प्रयत्नांची एक लाट आपल्याकडेही आली होती. भारत सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' नावाची योजना सुरू केली आणि सुमारे अडीचशे शाळांत आरंभ केला, तो याच बीबीसी मायक्रोवर. पण तेथे आणि येथे एक फरक होता. इंग्लंडातल्या मुलाचे यंत्र घरी होते, आणि घराला तास नसतो. शाळेच्या यंत्रासमोर आठवड्यातून एकदा, इतरांबरोबर रांगेत बसून, घंटा होईपर्यंत जे शिकता येते ते शिक्षण असेल, नाद नव्हे. नादाला रिकामी दुपार लागते.

ती रिकामी दुपार इंग्लंडातील मुले कशी घालवीत? मासिकांतून छापून आलेले प्रोग्रॅम ओळ न् ओळ टंकून. चार-चार पाने आकडे आणि आज्ञा. शेवटी 'रन' म्हणावे आणि काहीच घडू नये. मग शोध सुरू. चूक आपली की छापणाऱ्याची? कोठे स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम पडला? अशी चूक शोधताना मुलाला प्रत्येक ओळ काय करते ते समजून घ्यावेच लागे. मास्तरांनी सांगितलेली शुद्धलेखनाची वही तपासावयास जो मुलगा कां-कूं करी, तोच रात्री अकरा वाजता अर्धविरामांचा शोध घेत बसलेला दिसे. दुकानांतही तोच प्रकार. मांडून ठेवलेल्या यंत्रावर मुले दोन ओळी टंकीत : पहिलीत एखादे वाक्य छापावयास सांगावयाचे, दुसरीत पुन्हा पहिलीकडे जावयास सांगावयाचे, आणि पळ काढावयाचा. दुकानदार येईपर्यंत पडदा त्या वाक्याने ओसंडून वाहत असे. वाक्य बहुधा सभ्य नसे. पण आज्ञावलीतील आवर्तन म्हणजे काय, याचा याहून चांगला पहिला पाठ मला तरी ठाऊक नाही.

मुद्दा असा की, त्या यंत्रात खेळणे आणि घडवणे यांच्यामध्ये दार नव्हते. यंत्र चालू केले की पडद्यावर एक खूण लुकलुके आणि ते तुमच्या आज्ञेची वाट पाहत बसे. ते काहीच दाखवीत नसे. तुम्हीच त्याला काही सांगावयाचे. खेळ हवा असला तरी आधी एक आज्ञा द्यावी लागे, आणि ज्या भाषेत ती आज्ञा, त्याच भाषेत खेळ रचता येई.

असा रचलेला सर्वांत मोठा खेळ म्हणजे 'एलीट'. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे दोन विद्यार्थी होते. एक निसर्गविज्ञानाचा, दुसरा गणिताचा. त्यांच्या मनात अंतराळातील व्यापाराचा खेळ होता. यान घेऊन एका ग्रहावर माल विकत घ्यावा, दुसऱ्यावर विकावा, वाटेत चाचे भेटतील त्यांच्याशी लढावे, पैसे साठवून यान सुधारावे. शेवट नाही, ठरलेला मार्ग नाही. एका मोठ्या प्रकाशकाने तो परत केला. खेळाडूला तीन आयुष्ये असावीत, गुण मोजावेत, दहा मिनिटांत डाव संपावा, अशी बाजाराची रीत होती, आणि या मुलांनी त्यातले काहीच पाळले नव्हते. एकॉर्नच्याच प्रकाशनशाखेने तो घेतला आणि २० सप्टेंबर १९८४ रोजी तो बाहेर पडला.

त्यातील युक्ती सांगण्याजोगी आहे. बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट. त्यातली बरीचशी पडद्यावरील चित्रच खाऊन टाकी. खेळाला उरली सुमारे २२ किलोबाइट. यात विश्व कसे बसवावयाचे? ग्रहांची नावे, राज्यपद्धती, बाजारभाव लिहून ठेवू म्हटले तर काही डझन ग्रहांतच जागा संपती. ब्रेबेन आणि बेल यांनी ग्रह लिहिलेच नाहीत. त्यांनी फक्त बीज लिहिले. तीन संख्या घ्यावयाच्या. त्यांची बेरीज करावयाची. ती ६५,५३५ च्या वर गेली तर वरचा भाग सोडून द्यावयाचा. पहिली संख्या टाकून ही बेरीज शेवटी जोडावयाची. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या तीन संख्यांच्या अंगोपांगांवरून ग्रहाचे नाव, तेथे राजेशाही आहे की अराजक, धान्य पिकते की यंत्रे, हे सगळे ठरवावयाचे. बेरीज कोणीही केव्हाही केली तरी तीच येणार. म्हणून खेळाडू शंभर ग्रह फिरून परत आला तरी पहिला ग्रह जसाच्या तसा त्याच्या जागी असे. वटबीजात वटवृक्ष असतो हे आपण कीर्तनांत ऐकतो. येथे ते अंकगणिताने करून दाखवले होते. या रीतीने अब्जावधी आकाशगंगा निघाल्या असत्या. पण इतकी आकाशगंगा पाहिल्या की खेळाडूला त्यातील यांत्रिकपणा कळून येईल, या विचाराने आठच ठेवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. त्यातली एक आकाशगंगा मात्र टाकून द्यावी लागली, कारण गणिताने तेथील एका ग्रहाला जे नाव दिले ते इंग्रजीत चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. गणिताला भीड नसते.

ब्रेबेन त्या वेळी वीस वर्षांचा होता. आणि तरीही त्याला या गोष्टीतला थोरला म्हणावे लागेल. लिव्हरपूलजवळच्या मॅथ्यू स्मिथ या मुलाने १९८३ मध्ये 'मॅनिक मायनर' हा खेळ काही आठवड्यांत लिहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. खाणीत अडकलेला एक खाणकामगार, वीस गुहा, आणि हवा संपण्यापूर्वी प्रत्येक गुहेतून निसटावयाचे. वर्षभरातच इंग्लंडातले खाणकामगार मोठ्या संपावर गेले, हा योगायोग. खेळ तुफान चालला. दुसऱ्या वर्षी 'जेट सेट विली' आला, तोही चालला. पण त्यात चूक राहिली होती. माळ्यावरच्या खोलीत एकदा गेलात की इतर काही खोल्या बिघडत आणि खेळ पुरा करणे अशक्य होई. ती चूक नसून मुद्दाम ठेवलेली अडचण आहे, असे प्रकाशकांनी आधी सांगून पाहिले! तिसऱ्या मोठ्या खेळाची घोषणा झाली. तो कधीच आला नाही. हा मुलगा पुढे बरीच वर्षे लोकांच्या नजरेआड गेला.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. या काळाचा इतिहास लिहिणारे बहुधा विजयांची यादी देतात. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती एकाएकी पैसा आणि कीर्ती आली, आणि सबंध देश त्याच्या पुढच्या खेळाची वाट पाहत बसला, तर त्याच्यावर काय गुजरत असेल? त्याच लिव्हरपुलात 'इमॅजिन' नावाची कंपनी १९८२ मध्ये निघाली. तिच्या एका मिसरूड फुटलेल्या प्रोग्रॅमरचा पगार वर्षाला ३५ हजार पौंड आहे, अशा बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या. बेकारीने गांजलेल्या शहरात ही बातमी किती घरांत वाचली गेली असेल! कंपनीने अशक्यप्राय खेळांच्या जाहिराती केल्या, दिमाखदार मोटारी घेतल्या, आणि १९८४ च्या जुलैत ती बुडाली. बीबीसीची माणसे तिच्या यशाचे चित्रण करावयास आली होती. त्यांच्या कॅमेऱ्यासमोरच जप्तीवाले आले. मुलांच्या नादावर मोठ्यांनी सट्टा खेळला, असे मी याचे वर्णन करीन.

आणखी एक गोष्ट उरते, आणि ती या सुरस कथेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. मी इतका वेळ 'मुले' म्हणतो आहे; खरे म्हणजे 'मुलगे' म्हणावयास हवे. यंत्र घरात येई ते बहुतेक मुलग्याच्या खोलीत. जाहिरातीत बाप आणि मुलगा पडद्यासमोर असत. हे काही निसर्गाने ठरवलेले नव्हते. १९६२ मध्ये स्टेफनी शर्ली या बाईंनी सहा पौंडांच्या भांडवलावर प्रोग्रॅम लिहून देणारी संस्था काढली होती. नाझींच्या तावडीतून वाचवून जी बालके आगगाडीने इंग्लंडात आणली, त्यांपैकी त्या एक. त्यांच्या संस्थेतल्या पहिल्या ३०० माणसांत २९७ बायका होत्या. मुले झाली म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या. जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहावयाचे आणि टपालाने पाठवावयाचे. कॉन्कॉर्ड विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स' साठीचे कामही त्यांनीच केले. व्यवसायाची पत्रे बाईंच्या नावाने गेली तर उत्तर येत नसे, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करीत. म्हणजे घरी बसून प्रोग्रॅम लिहिणे हे १९६२ मध्ये बायकांचे काम होते. वीस वर्षांनी तेच काम घरातल्या मुलग्याचा छंद झाले. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत चढले होते. घरगुती संगणकाची पहिली पिढी महाविद्यालयात पोचली तेव्हापासून ते उतरत गेले. ज्या नादाचे मी इतके कौतुक करतो आहे, त्याच नादाने एका अर्ध्या जगाला दारातच थांबवले, असे म्हणणे भाग आहे. बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा ज्यांनी रचली त्या सोफी विल्सन यांचे नाव घेऊन या आरोपातून सुटका करून घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मग माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे काय? खेळाने मूल बिघडते की घडते? लंडनमधील डेमिस हसाबिस या मुलाने १९८४ मध्ये, आठव्या वर्षी, बुद्धिबळात मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून स्पेक्ट्रम विकत घेतला. सतराव्या वर्षी 'थीम पार्क' या गाजलेल्या खेळाच्या रचनेत त्याचा वाटा होता. तो खेळ १९९४ मध्ये निघाला. नंतर केंब्रिज, स्वतःची खेळांची कंपनी, ती २००५ मध्ये बंद, आणि २०१० मध्ये 'डीपमाइंड'. तिच्या यंत्राने २०१६ मध्ये 'गो' या खेळात ली सेडोल यांना हरवले, आणि २०२४ मध्ये प्रथिनांच्या रचनेचे कोडे सोडवल्याबद्दल हसाबिस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे उदाहरण पालकांना फार आवडते, आणि म्हणूनच मी ते भीतभीत देतो. त्याच वर्षी लाखो मुलांच्या घरी स्पेक्ट्रम होता, आणि त्यांतली बहुतेक नुसती खेळली. त्यांनी काही गमावले असेही मला वाटत नाही. पण हसाबिस ज्या यंत्रावर खेळला त्याने त्याला आत शिरू दिले, हा यातला जपून ठेवण्याजोगा भाग आहे. आमच्या नातवंडांच्या हातातले यंत्र हजारो पटींनी बलवान आहे. ते उघडताच खेळ हजर होतो, आणि तो कशाचा बनला आहे हे विचारण्याची जागा मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. माझ्या स्नेह्यांचा राग पडद्यावर आहे. तो या बंद दारावर असावयास हवा होता.

शेवट लवकर आला. १९८४ च्या नाताळात बाजार भरून वाहत होता, माल पडून राहिला. १९८५ मध्ये एकॉर्नचा मोठा हिस्सा इटलीच्या ऑलिव्हेटीकडे गेला. १९८६ च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा धंदा ५० लाख पौंडांना अॅमस्ट्रॅडला विकला. घरांत अमेरिकी धाटणीचे संगणक आणि जपानी खेळयंत्रे आली, आणि शाळांत संगणकाचा तास म्हणजे पत्र टंकणे आणि तक्ते भरणे असा अर्थ झाला.

मात्र एकॉर्नमध्ये जाता जाता एक काम झाले होते. बाजारात मनाजोगता मेंदू मिळेना म्हणून विल्सन आणि फर्बर यांनी तो स्वतःच बनवावयास घेतला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चकती आली आणि पहिल्याच दिवशी चालली. फर्बर यांनी ती किती वीज खाते ते मोजावयास मापक लावला, तर काटा शून्यावर. वीजपुरवठ्याची तारच जोडलेली नव्हती. बाजूच्या तारांतून पाझरणाऱ्या विजेवर ती चकती चालली होती. तिचे नाव 'आर्म'. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तिचीच वंशावळ आहे.

केंब्रिजमध्ये २००५ च्या आसपास एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खुपू लागली. संगणकशास्त्राला येणारे अर्ज घटले होते, आणि येणाऱ्या मुलांची तयारीही बदलली होती. पूर्वीची मुले यंत्राची भाषा घरूनच शिकून येत. आताच्यांनी फार तर एखादे वेबपान केलेले असे. त्यांनी तळहातावर मावेल असा एक संगणक बनवावयास घेतला. या कामी जमलेल्या मंडळींत 'एलीट'चे डेव्हिड ब्रेबेनही होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' या नावाने तो ३५ डॉलरला विक्रीस आला. त्याला पेटी नव्हती, पडदा नव्हता, कळाही नव्हत्या; टीव्हीला जोडावयाचा. आत 'आर्म'चाच मेंदू होता, आणि दोन प्रकारांना नावे दिली होती 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी', बीबीसी मायक्रोच्या दोन प्रकारांना दिली होती तीच.